पायवाटेचा हजेरीपट

नवापूरला डोंगराच्या पायथ्याने पळायला लागलो, त्याला अकरा वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात पाड्याबाहेर शेकोटीजवळ बसलेल्या एका बाबांनी मला थांबवलं आणि विचारलं, "सर, काय हरवलं का?" रोज पहाटे हा मास्तर खाली मान घालून, जमीन धुंडाळत घाईघाईने जातो, म्हणजे काहीतरी पडलेलं असणार, असा त्यांचा साधा हिशोब. मी म्हणालो, "नाही बाबा, व्यायाम." त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. त्यानंतर या वाटेवर जे शिकलो, ते क्रमाने लिहितो. त्यातलं निम्मं पळण्याबद्दल आहे.

१. घड्याळाआधी सूर्याला विचारा.
सुरुवातीला कुठल्याशा वेळापत्रकात वाचून पाचला निघायचो. भूगोल मीच शिकवतो, पण तो पायांना शिकवला नव्हता. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि नवापूर आहे ७३.८ च्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आमच्याकडे घड्याळाच्या मानाने पस्तीस मिनिटं उशिरा येतो. जूनमध्ये तो सहाच्या आत उगवतो, जानेवारीत मात्र सव्वासातला. थंडीत पाचला निघणं म्हणजे सरळ रात्रीच पळणं. आता हिवाळ्यात मी सव्वासहाला निघतो आणि पहिला टप्पा बॅटरीवर काढतो. ती डोक्याला न बांधता कमरेला बांधतो. डोक्यावरच्या उजेडात सगळे दगड सपाट दिसतात. कमरेच्या उजेडात प्रत्येक दगडाची सावली पडते, आणि पायाला सावलीच सावध करते.

२. भिंतीला धडका देऊ नका, तिच्या कडेने जा.
नंदुरबार-धुळ्याकडचे पुष्कळ डोंगर लांबच लांब, अरुंद आणि सरळ रेषेत उभे आहेत, कुणी गडी लावून बांध घातल्यासारखे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांना भेगा पडल्या, त्यांत खालून तप्त रस वर येऊन गोठला. पुढे आजूबाजूचा खडक झिजला आणि हा चिवट दगड भिंतीसारखा उभा राहिला. भूशास्त्रज्ञ अशा डोंगराला डाइक म्हणतात. यातले बहुतेक पूर्व-पश्चिम पसरलेत. ही गोष्ट पुस्तकातली वाटते, पण माझा रोजचा रस्ता तिनेच ठरवला. समोरून चढायला गेलो की दम जातो आणि माथ्यावर पळायला हातभर जागा. पायथ्याने समांतर पळायचं आणि जिथे बैलगाडीची वाट खिंडीतून पार होते, तिथेच ओलांडायचं. जाताना पूर्वेकडे तोंड, तेव्हा अंधार असतो. येताना सूर्य पाठीशी येतो. उलट केलं की ऊन डोळ्यांत आणि दगड पायांत.

३. मुरूम म्हणजे फरशीवर सांडलेली तूर.
आमच्या गावात तूरडाळीच्या मिल आहेत, त्यामुळे ही उपमा समजवावी लागत नाही. उतारावरचा सुटा मुरूम बुटाखाली तसाच गडगडतो. लांब टांग टाकली की माणूस बसलाच. चढावर टाचेपेक्षा चवडा, उतारावर आखूड आणि भराभर पावलं, नजर चार पावलं पुढे. चढ फारच उभा असेल तर गुडघ्यांवर हात ठेवून सरळ चालावं. मला त्याची दोन वर्षं लाज वाटत होती. मग डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया चढावर मला मागे टाकून गेल्या आणि लाज आपोआप संपली.

४. काळ्या मातीशी पावसात भांडू नका.
महागडे, जाड तळाचे बूट घेतले होते, डांबरी रस्त्यासाठी बनवलेले. पहिल्या पावसात शेताच्या बांधाने गेलो, तर शंभर पावलांत प्रत्येक पायाला किलोभर चिखल. आता पाऊस पडून गेला की चार दिवस मुरमाची वाट, नाहीतर सरळ सुट्टी. तळ दिसत नाही तो नाला ओलांडायचा नाही, पाणी घोट्याएवढं वाटलं तरी. ऑगस्ट २०१८ मध्ये रंगावलीला पूर आला आणि तालुक्यात माणसं दगावली. इथलं पाणी डोंगरावरून येतं. तुमच्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं, तरी वर काय पडलंय ते नाल्याला आधी कळतं.

५. गवत वाढलं की वाट बदला.
श्रावणापासून गवत कमरेला लागतं. घोणस, फुरसं, मण्यार यांना तुमचं वेळापत्रक माहीत नसतं. म्हणून या दिवसांत फक्त रुंद गाडीवाट. दिवाळीनंतर गवत वाळलं की कुसळांची पाळी. मोज्यांत घुसलेली कुसळं पळताना काढता येत नाहीत, घरी बसून एकेक उपटावी लागतात, आणि घरातलं माणूस शेजारी बसून हसतं.

६. उसाला वळसा, कुत्र्याला शब्द.
उसाच्या फडालगत अंधारात पळू नये. बिबट्या तिथे असेलच असं नाही, पण असला तर त्याला अचानक गाठण्यात शहाणपण नाही. पाड्यावरची कुत्री पळत्या पायांमागे धावतात, चालत्या माणसाला बहुधा सोडतात. शंभर पावलं आधीच थांबायचं, चालायचं, कुणाला तरी मोठ्याने हाक मारायची. मालकाने ओळखलं की कुत्र्यानेही ओळखलं.

७. मोहाच्या दिवसांत वाट तुमची नसते.
मार्च-एप्रिलमध्ये पहाटे पळताना आधी तो गोडूस, जड वास येतो. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि उजाडण्याच्या सुमारास टपटप गळतात. गुरंढोरं यायच्या आत ती वेचायची, म्हणून घरंच्या घरं टोपल्या आणि बॅटऱ्या घेऊन झाडाखाली असतात. पहिल्या वर्षी मी त्याच लयीत झाडाखालून निघून गेलो. मागून एक बाई ओरडली, "अहो सर, फुलं!" वळून पाहिलं, तर माझ्या बुटांचे ठसे त्यांच्या वेचणीतून ओळीने गेलेले. ती फुलं वाळवून वर्षभर कामी येतात, खायलाही आणि विकायलाही. तेव्हापासून मोहाला मी लांबून वळसा घालतो. पायाखालची वाट कुणाच्या तरी कामाने पडलेली असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा सुचलं. निव्वळ पळण्यासाठी इथे एकही वाट पडलेली नाही.

८. पडलात तर कुणाच्या वाटेवर पडलात ते बघा.
हा धडा सगळ्यांत उशिरा आला. डिसेंबरातला रविवार होता, खिंडीच्या उतारावर एक दगड हलला आणि माझा घोटा मुरगळला. बसून राहिलो. थोड्या वेळाने बैल घेऊन एक मुलगा आला, माझ्याच वर्गातला. त्याने काठी दिली, खांदा दिला आणि सहज म्हणाला, "सर, हा दगड हलतोच. मी शनिवारी अंधारात येतो ना, तेव्हा डावीकडून जातो."

शनिवारी आमची शाळा सकाळी साडेसातची. हा मुलगा डोंगरापलीकडच्या पाड्यावरून चालत मोठ्या रस्त्याला यायचा आणि तिथे जीप मिळेल तेव्हा नवापूर. हिवाळ्यात साडेसातला पोचायचं, तर उजाडायच्या तासभर तरी आधी घर सोडावं लागणार. बॅटरी नाही, पाठीवर दप्तर. आणि त्याच्या नावापुढे दर शनिवारी लाल शाईने 'उशिरा' लिहिणारा मीच होतो.

मला आठवलं, परिपाठाला मी कविता राऊतची गोष्ट सांगायचो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची मुलगी, डोंगरात पायपीट करत वाढली आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. राष्ट्रकुल स्पर्धेत धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत भारतीय स्त्रीला मिळालेलं ते पहिलं पदक. 'सावरपाडा एक्सप्रेस' म्हटलं की पोरं टाळ्या वाजवायची. हा मुलगा बहुतेक तेव्हा फाटकातून आत येत असायचा.

तीन आठवडे पळणं बंद राहिलं. तेवढ्यात एवढंच केलं, की शनिवारची हजेरी पहिल्या तासाच्या शेवटी घ्यायला लागलो. आणि बरं वाटल्यावर पहिल्या दिवशी पहार घेऊन जाऊन तो दगड उपटून कडेला टाकला. मुलाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मग आता उजवीकडूनच येईन."

९. माणूस दिसला की चाला.
याला कारण लिहीत नाही. करून पाहा.

१०. रोज एकाच वेळी जा.
वेळ पाळली की वाटेवरचे लोक तुम्हाला हिशोबात धरतात. कधी घोटा पुन्हा मुरगळला, तर कुणीतरी शोधायला येईल, हा त्यातला माझा स्वार्थ.

गेल्या आठवड्यात नाल्याजवळ एक खंड्या दिसला म्हणून मी रेंगाळलो आणि पाड्यापाशी पोचायला वीस मिनिटं उशीर झाला. बाबा शेकोटीजवळच होते. आता ते काही हरवलं का असं विचारत नाहीत. काठीने राख सारत, वर न बघता म्हणाले, "आज उशीर, सर?"

मी कान पकडले आणि चालू लागलो.