गस्तीची नौका आणि येलदरीचे पाणी

जिंतूर तालुक्यातील येलदरी हे माझे गाव. पूर्णेवरील धरणाचे पाणी पाहतच मी वाढलो. माझे मामा एका मच्छिमार संस्थेचे सभासद आहेत. संस्था दरवर्षी जलाशयात रोहू, कटला, मृगळ यांची बोटुकली सोडते. एका रात्री काही जण चोरून बारीक आसाची जाळी लावताना दिसले. मामांनी होडी वल्हवत पाठलाग केला. पण होडी पोहोचेपर्यंत ते पलीकडच्या काठाला लागले. सकाळी टाकून दिलेल्या जाळ्यात बोटभर पिले मरून पडली होती. मामा एवढेच म्हणाले, "पुढच्या वर्षीची मासळी गेली रे!" तेव्हापासून गस्तीच्या नौकेविषयी मला कुतूहल वाटू लागले.

समुद्रावर हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आहे. महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन कायदा केला. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यात राज्याचा अंमल चालतो. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आले. प्रखर दिवे लावून मासळी गोळा करण्याच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंडही वाढला. मालवणचा किनारा तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. परंतु कायदा कागदावर असतो आणि गुन्हा पाण्यावर घडतो.

येथे वेगाचे महत्त्व कळते. समजा, एक ट्रॉलर किनाऱ्यापासून ६ मैलांवर आहे व ९ नॉट वेगाने खोल समुद्राकडे पळत आहे. (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल.) गस्तीची नौका किनाऱ्यावरून १२ नॉटने निघाली, तर तासाला अंतर केवळ ३ मैलांनी घटेल. ट्रॉलर गाठण्यास दोन तास लागतील आणि तोवर तो २४ मैलांवर, म्हणजे राज्याच्या हद्दीबाहेर, गेलेला असेल. तीच नौका २५ नॉटची असेल, तर सुमारे साडेबावीस मिनिटांत, साडेनऊ मैलांच्या आतच, तो हाती लागेल. तटरक्षक दलाच्या काही इंटरसेप्टर नौका तर ४५ नॉटपर्यंत धावतात.

मात्र वेग फुकट मिळत नाही. वेगाबरोबर इंधनाचा खर्च झपाट्याने वाढतो. म्हणून नौकेने दिवसभर भटकण्यापेक्षा नेमकी खबर मिळताच निघणे शहाणपणाचे. २०२५ च्या जानेवारीत राज्याने किनाऱ्यावर ड्रोनची टेहळणी सुरू केली, ती याचसाठी. शिवाय नौका गाठणे म्हणजे गुन्हा सिद्ध होणे नव्हे. जाळ्याचा आस मोजावा लागतो, परवाना तपासावा लागतो, पंचनामा करावा लागतो.

मग येलदरीस अशी नौका हवी काय? मला तसे वाटत नाही. जलाशयाला काठ आहे. चोरलेली मासळी अखेर कोठेतरी काठावर व बाजारात यावीच लागते. तेथे जाळ्याचा आस आणि माशाचा आकार पाहणारा माणूस उभा राहिला, तर एक साधी मोटारहोडीही पुरेल. मात्र विकत घेणाऱ्यांनी, म्हणजे आपणही, बोटभर पिलांना 'नको' म्हटले पाहिजे. मामांची होडी हळू चालते, हा त्यांचा दोष नाही. पाटीत पिले दिसूनही आपण गप्प बसलो, तर तो दोष मात्र आपलाच होय.