आधी पाय, मग हात

खामगाव-चिखली पट्ट्यात बँडपार्टीत आणि ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवता वाजवता जे कळलं, ते नव्या पोरांसाठी.

१. ड्रमसेट पायांनी घडवला. वरातीत मोठा ढोल एकाच्या गळ्यात, साईड ड्रम दुसऱ्याच्या, झांज तिसऱ्याच्या हातात. तिघांचं काम एकाने बसून करायचं, म्हणजे ड्रमसेट. १९०९ मध्ये शिकागोच्या लुडविग बंधूंनी जलद चालणारं पॅडल काढलं आणि मोठा ढोल उजव्या पायाकडे गेला. १९२० च्या दशकाअखेरीस दांडीवर बसवलेली झांजजोडी, म्हणजे हाय-हॅट, आली आणि डावा पायही कामाला लागला. थिएटरमालकांना तीन पगारांच्या जागी एक द्यावा लागे, हे कारणही काही छोटं नव्हतं!

२. लय शिकायला शेगावला जा. गजानन महाराजांची पालखी दरवर्षी तिथून पंढरपूरला पायी जाते. पावली खेळणारे वारकरी बघा. मृदंगाची थाप, टाळ आणि पाऊल एकदमच पडतं. अभंग द्रुतात गेला तरी पाऊल चुकत नाही. मी पोरांकडून आधी पावली करून घेतो, काठ्या मग हातात देतो. आईबाप कुरकुरतात. कुरकुरू द्या.

३. प्लॅस्टिकला नावं ठेवू नका. आमच्याकडे पावसाळ्यात डफडं वाजवायच्या आधी पऱ्हाट्या पेटवून शेकतात, तेव्हा कुठं त्याचा आवाज चढतो. ड्रमचं पानही आधी चामड्याचंच असे आणि ओल धरली की उतरे. १९५७ च्या सुमारास रेमो बेलीसारख्यांनी प्लॅस्टिकचं पान बाजारात आणलं. गणपतीत भर पावसात वाजवायचं तर त्याला तोड नाही. शेकलेल्या डफड्याचा कडकडाट मात्र त्यातून निघत नाही.

४. जुनी हिंदी गाणी ऐका. कावस लॉर्ड आणि त्यांची मुलं केर्सी व बुजी, या एका पारशी घराने मुंबईच्या सिनेसंगीतात किती ताल भरला ते कान देऊन ऐकलं की कळतं. दणका देणं सोपं, गायकाच्या मागे राहून वाजवणं अवघड.

५. ऑक्टोपॅडने पोट भरतं, पाय आळशी होतात. रोलंड कंपनीने १९८५ मध्ये तो आणला. आठ पॅड, त्यात ढोलकीपासून काँगोपर्यंत सगळं; मोटारसायकलवर मांडीवर घेऊन लोणारला सुपारी वाजवून परत येता येतं. मीही वाजवतो. पण दोन्ही हातांतच सगळं आलं की खालचा ठेका पातळ होतो. नव्या ऑक्टोपॅडला पायाचं पॅडल जोडता येतं. ते जोडा.

६. लग्नघरच्या मंडळींना एक विनंती. ड्रमसेटला साधारण सहा बाय सहा फुटांची सपाट फळी आणि वर एक जाडी सतरंजी द्या. वावरातल्या ढेकळांवर पॅडल सरकतं, मग कितीही चांगला वादक आणा, ठेका जागेवर पडत नाही.