मार्चमधील घड्याळबदल आणि परदेशप्रवास

प्रश्न : उदगीरहून हैदराबाद, तेथून लंडनमार्गे न्यू जर्सी असा प्रवास मार्चमध्ये असल्यास तिकडील घड्याळबदलाचा परिणाम कसा होतो? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड अधिक मिळावा म्हणून घड्याळ एक तास पुढे नेण्याच्या पद्धतीला ‘उन्हाळी वेळ’ म्हणतात. उदगीरला वर्षातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसांत सुमारे दोन तासांचाच फरक पडतो, तर लंडनमध्ये तो जवळजवळ नऊ तासांचा असतो. म्हणून ही पद्धत तिकडे रुजली, आणि भारतात ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत, तात्पुरती अवलंबली गेली.

अमेरिकेत हा बदल मार्चच्या दुसऱ्या रविवारी, तर ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी होत असल्याने मधले दोन-तीन आठवडे सर्वाधिक गोंधळाचे ठरतात. २०२६ मध्ये ८ मार्चपासून न्यू जर्सी भारताच्या साडेनऊ तास मागे असते, परंतु लंडन २९ मार्चपर्यंत साडेपाच तासच मागे राहते आणि त्यानंतर ते अंतर साडेचार तासांवर येते.

तिकिटावर त्या-त्या विमानतळाची स्थानिक वेळ छापलेली असून तीत हा बदल आधीच धरलेला असतो, त्यामुळे प्रवाशाने स्वतः तास मिळवू किंवा वजा करू नये. मात्र विमान कंपन्यांचे उन्हाळी वेळापत्रकही मार्चच्या शेवटच्या रविवारीच सुरू होत असल्याने हैदराबादहून सुटण्याची वेळ बदललेली असू शकते, म्हणून उदगीरहून निघणारी रेल्वे किंवा बस ठरवण्यापूर्वी ती पुन्हा तपासणे अत्यावश्यक आहे.