दार उघडे असू द्या

वाचकहो, आजचा धडा जरा अवघड आहे. विषय लाजेचा वाटेल, पण बोलले पाहिजे.

मागे एकदा नाताळच्या आधीची गोष्ट. आमच्या रात्रीच्या वर्गाला एक बाई येत. दिवसभर शेतात मजुरी, आणि रात्री पाटी. नुकतीच त्यांना जोडाक्षरे जमू लागली होती. एके दिवशी वर्ग सुटल्यावर त्या मागे थांबल्या. पदराखालून मोबाईल काढून म्हणाल्या, "गुरुजी, हे मी बरोबर वाचलं का बघा बरं."

मोबाईल घरचाच, पण वापरी त्यांची बारा वर्षांची मुलगी. त्यावर लिहिले होते, 'उद्या लवकर ये. एकटीच ये. आईला सांगू नको.'

पाठविणारा कोण? चर्चमध्ये मुलांना गाणी शिकविणारा, पेटी वाजविणारा माणूस. साऱ्या मंडळीत त्याला मान. बाईंनी अक्षर न् अक्षर बरोबर वाचले होते.

"मागचं रिचार्जबी त्यांनीच मारलं, गुरुजी. मला वाटलं, देवाचा माणूस, पोरीवर माया करतो."

आता खरे सांगतो. आम्ही त्या मंडळीचे पंच. आमच्या तोंडून पहिले शब्द निघाले ते असे, "आधी पाळकसाहेबांच्या कानावर घालू. गावात बोभाटा नको."

बाई म्हणाल्या, "बोभाट्याचं मी बघीन. पोरीचं कोण बघंल?"

आम्ही गप्प बसलो. आम्हाला आमच्या शाळेतला एक मुलगा आठवला. पुष्कळ वर्षे झाली. गोड गळ्याचा पोरगा, एकाएकी रविवारच्या शाळेला जाईनासा झाला. बाप त्याला आमच्याकडे घेऊन आला. आम्ही त्याला आळशी म्हटले, दोन छड्याही दिल्या. का जात नाहीस, हे काही विचारले नाही. पुढे तो गाव सोडून गेला. आता विचारायला तो समोर नाही.

असा वाईट माणूस कसा वागतो, ते नीट समजून घ्या. तो एकदम अंगावर येत नाही. आधी आईबापांचा विश्वास मिळवितो. मग पोराचे कौतुक करतो. मग खाऊ, पेन, रिचार्ज. मग म्हणतो, 'हे आपल्या दोघांतच ठेव.' हे गुपित पोराने ठेवले की त्याचे काम सोपे झाले. पुढे पोर बोलू पाहील, तर त्यालाच भीती घालतो, 'तूच गुन्हेगार ठरशील. देव रागावेल.'

मोबाईलवरचा अनोळखी माणूस हेच करतो. खेळ खेळता खेळता ओळख काढतो. स्वतः चाळिशीचा असेल, पण सांगतो, 'मी चौदा वर्षांचा.' गोड बोलून फोटो मागतो. एक फोटो हाती आला की धमकी सुरू, 'आणखी पाठव, पैसे दे, नाहीतर गावभर करीन.' चर्चची बंद खोली आणि पोराच्या हातातला मोबाईल, दोन्ही ठिकाणी दार आतून लागलेले असते. आईबाप बाहेर.

आम्ही त्या रात्रीच १०९८ हा नंबर फिरविला. हा मुलांच्या मदतीचा फोन. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत. ११२ वरही पोलीस मदत मिळते. निरोप पुसून टाकले नाहीत, कारण तोच पुरावा.

बाईंना भीती होती की पोरीला ठाण्यात बसवतील. तसे नसते. २०१२ साली मुलांसाठी एक कायदा झाला. त्याला पॉक्सो म्हणतात. अठरा वर्षांखालील मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही तो लागू. त्यात लिहिले आहे की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल त्या जागी घ्यावा. होईल तितके करून बाई अधिकाऱ्यानेच घ्यावा आणि खाकी कपडे घालू नयेत. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. त्याचे नाव वर्तमानपत्राने छापायचे नाही. आमच्या गावीही साध्या साडीतल्या फौजदारबाई आल्या, ओट्यावर बसल्या, पोरीशी बोलल्या.

आणखी एक. गुन्हा घडला हे ठाऊक असून, किंवा घडेल अशी भीती असून पोलिसांना न कळविणे हाही या कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला, तर वर्षापर्यंत. म्हणजे त्या रात्री आमचे ऐकले असते, तर पंच म्हणून आम्हीच अडकलो असतो! देऊळ, मशीद, मठ, चर्च, सर्वांना कायदा एकच. रोमच्या पोप फ्रान्सिस यांनीही २०१९ साली नियम केला, की असे काही कळले तर फादर-सिस्टरांनी ते वरिष्ठांना कळविलेच पाहिजे. पण वरिष्ठांना कळविले म्हणजे पोलिसांना कळविण्यातून सुटका झाली, असे कोणी समजू नये.

पुढे मंडळीची सभा झाली. पुष्कळ वाद झाला. "आमच्यावर विश्वास नाही का?" असे काही जुनी मंडळी म्हणाली. शेवटी ठरले. मुलांबरोबर दोन मोठी माणसे असल्याखेरीज वर्ग घ्यायचा नाही. खोलीचे दार उघडे. मुलाला खासगी निरोप पाठवायचा नाही, जे सांगायचे ते आईबापांच्या मोबाईलवर. नवा शिकविणारा ठेवताना पूर्वीच्या गावी चौकशी करायची.

घरी काय करावे? मोबाईल हिसकावून घेऊ नका. पोर लपवायला शिकेल. रात्री तो ओसरीवर सर्वांच्या समोर ठेवा. पोराने काही सांगितले तर ओरडू नका. "सांगितलंस ते बरं केलंस," एवढे म्हणा. धमकी आली तर पैसे देऊ नका. पैसे गेलेच असतील तर १९३० वर लगेच फोन करा. लज्जेचा फोटो असेल तर तो पोलिसांनाच दाखवा. शेजाऱ्याला, पाव्हण्याला पाठवू नका, तोही गुन्हा होतो.

खटला अजून चालू आहे. तो माणूस आता मंडळीत नाही. काही घरे बाईंशी बोलत नाहीत, तेही आहेच. मुलगी मात्र गाण्याला जाते. आई मागच्या बाकावर बसते, गीतांचे पुस्तक उघडते आणि ओळीवर बोट ठेवून वाचते.