कुष्ठरोग परिषदेसाठी ई-पोस्टर करताना

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षातली मुलगी घरी सांगते की तिला कुष्ठरोगाच्या परिषदेत ई-पोस्टर सादर करायचंय. आईवडिलांच्या मनात लगेच दोन प्रश्न येतात. लागण तर होणार नाही ना? आणि पीजीच्या प्रवेशाला याचा उपयोग काय?

लागणीची धास्ती सोडा. बहुतेक माणसांत या जंतूविरुद्ध उपजतच प्रतिकारशक्ती असते आणि बहुविध औषधोपचार सुरू झाले की रुग्णापासून संसर्ग होण्याची शक्यता लवकरच संपते. पीजीचं मात्र स्पष्ट सांगायला हवं: पोस्टरमुळे नीट-पीजीचे गुण वाढत नाहीत. तरीही मुलांनी हे काम करावं असा माझा आग्रह आहे. रुग्णाला नीट विचारणं, नोंदी पडताळणं आणि आकड्यांतून जेवढं निघतं तेवढंच म्हणणं या गोष्टी क्लासच्या नोट्समधून येत नाहीत. पुढे एमडीचा प्रबंध लिहिताना त्यांचाच आधार होतो.

विषय जुना झाला, असंही अनेकांना वाटतं. २००५च्या अखेरीस देशात दर दहा हजारांमागे रुग्णांचं प्रमाण एकच्या खाली आलं, हे खरं. पण जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात. महाराष्ट्रात तर शिकायला जागांची वाण नाही: वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन. शिवाय आयसीएमआरची एसटीएस योजना एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या संशोधनासाठी विद्यावेतन देते.

पोस्टरची सुरुवात पॉवरपॉइंट उघडून करू नका, प्रश्नापासून करा. ‘कुष्ठरोग: एक अभ्यास’ हा प्रश्न नव्हे. ‘पहिला चट्टा दिसल्यापासून निदान होईपर्यंत किती महिने गेले?’ हा प्रश्न आहे. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून माणूस मेडिकलमधून मलम आणतो आणि कामाला लागतो. करंगळी वाकायला लागते तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढतो. मधले महिने मोजा, निदानाच्या दिवशी विकृती होती का ते नोंदवा, आणि दोन्ही एका आलेखात मांडा. पोस्टरला तेवढं पुरतं. रुग्ण थोडे असतील तर तसं लिहा. ‘उशिरामुळेच विकृती आली’ असं ठोकून देऊ नका. नैतिकता समितीची परवानगी मात्र माहिती गोळा करण्याआधीच हवी. नंतर मिळत नाही.

फोटोबाबत मी फार कडक आहे. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे ओळख लपली असं होत नाही. गोंदण, गळ्यातला दागिना, मागे दिसणारी गावाच्या नावाची पाटी, एवढ्यावरून भावकीतला माणूस ओळखतो. या आजारात ओळख फुटली की लेकीचं लग्न अडू शकतं. ई-पोस्टर परिषदेनंतरही इंटरनेटवर राहू शकतं, लोक मोबाइलवर त्याचे फोटो काढतात. रुग्णाला हे सारं त्याच्या भाषेत सांगून लेखी संमती घ्या. जमलं तर चेहरा टाळाच. शरीराच्या रेखाकृतीवर चट्टे आणि जाड झालेल्या नसा दाखवता येतात.

मांडणीच्या सूचना प्रत्येक परिषदेच्या वेगळ्या असतात. त्या वाचूनच आकार ठरवा. बहुधा एकच आडवी स्लाइड असते. ती घरच्या टीव्हीवर लावा आणि सोफ्यावर बसलेल्या आईला वाचायला सांगा. अक्षर लागत नसेल तर मजकूर कमी करा, फॉन्ट बारीक करू नका. आईवडिलांनी घड्याळ लावून तीन मिनिटांचं बोलणं ऐकावं. ‘ग्रेड दोन विकृती कशाला म्हटलंत?’ असा प्रश्न परीक्षक विचारणारच. व्याख्या तोंडावर हवी.

फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, नर्सिंग किंवा एमएसडब्ल्यू करणाऱ्यांनी मागे राहू नये. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला मऊ रबराची एमसीआर चप्पल दिली जाते. ती तो रोज घालतो का, नसेल तर का नाही, हा उत्तम विषय आहे, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

आणखी एक. गावोगाव फिरून जुने रुग्ण शोधून देणारा कुष्ठरोग तंत्रज्ञ अनेकदा पोस्टरवर कुठेच नसतो. लेखकांची यादी गोषवारा पाठवतानाच पक्की होते. त्याचं काम तेवढं असेल तर त्याचं नाव त्याच वेळी घाला, आणि मार्गदर्शकांशी हे आधीच बोलून ठेवा.