येशू ख्रिस्तांची ऐतिहासिकता आणि ख्रिस्ती धर्माचे सत्य : दोन प्रश्न, एक कसोटी

येशू ख्रिस्त नावाची व्यक्ती खरोखर होऊन गेली काय, आणि ख्रिस्ती धर्म सत्य आहे काय, हे दोन प्रश्न आपल्याकडील चर्चांत बहुधा एकत्रच विचारले जातात. येशू झालेच नाहीत, म्हणून त्यांचा धर्म खोटा, असे एक पक्ष म्हणतो. येशू होऊन गेल्याचे पुरावे आहेत, म्हणून बायबलमधील सर्व वृत्तान्त खरा, असे दुसरा पक्ष म्हणतो. ही दोन्ही अनुमाने सदोष आहेत. पहिला प्रश्न इतिहासाचा आहे आणि दुसरा श्रद्धेचा व तत्त्वज्ञानाचा आहे. या प्रश्नांची सरमिसळ झाली की वादाचे रूपांतर हेटाळणीत होते. विद्यालयातून बाहेर पडलेले आपले माजी विद्यार्थी आज भिन्नधर्मीय सहकाऱ्यांसमवेत काम करीत आहेत. धम्माचा विवेक त्यांच्या बोलण्यातून दिसावा, या हेतूने हा विषय येथे क्रमाने मांडला आहे.

इतिहासाचे साक्षीपुरावे

येशूंनी स्वतः लिहिलेली एकही ओळ उपलब्ध नाही. त्यांना क्रूसावर चढविल्याची घटना सामान्यतः इ. स. ३० च्या सुमारास घडली असे मानतात. उपलब्ध लेखनांत सर्वांत जुनी आहेत ती पौलाची पत्रे, ती इ. स. ५० ते ६० च्या दरम्यानची आहेत. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, यरुशलेम येथे तो पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यासही भेटला. ज्याच्या सख्ख्या भावाची भेट झाल्याचे समकालीन मनुष्य लिहून ठेवतो, ती व्यक्ती निव्वळ कल्पित होती असे म्हणणे कठीण जाते.

त्यानंतर चार शुभवर्तमाने येतात. त्यांपैकी मार्काचे इ. स. ७० च्या आसपासचे, तर योहानाचे शतकाच्या अखेरचे मानले जाते. ही अनुयायांनी लिहिलेली असल्याने ती सावधपणे वाचावी लागतात. मत्तयाच्या मते येशूंचा जन्म हेरोद राजाच्या हयातीत झाला. हेरोद बहुतेक अभ्यासकांच्या मते इ. स. पूर्व ४ मध्ये वारला. लूक मात्र या जन्माची सांगड क्विरीनियाच्या शिरगणतीशी घालतो, आणि ती शिरगणती इ. स. ६ मधील आहे. दोन्ही वृत्तान्त एकाच वेळी खरे ठरणे अवघड आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित येशूंच्या दर्शनाचे जे श्लोक आहेत, तेही सर्वांत जुन्या दोन संपूर्ण हस्तलिखितांत आढळत नाहीत.

अनुयायांच्या बाहेरचे साक्षीदार थोडे, परंतु महत्त्वाचे आहेत. यहुदी इतिहासकार जोसेफस याने इ. स. ९३–९४ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ग्रंथात येशूंचा दोनदा उल्लेख येतो. त्यांतील मोठ्या उताऱ्यात पुढील ख्रिस्ती लेखनिकांनी भर घातली, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. ख्रिस्त म्हणविल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ याकोब, हा दुसरा छोटा उल्लेख मात्र ते सामान्यतः अस्सल समजतात. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ११६ च्या सुमारास लिहिले की, तिबेरियस बादशहाच्या काळात पिलाताने ख्रिस्तास देहान्त शिक्षा दिली. टॅसिटसला ख्रिस्ती पंथाविषयी तिटकाराच होता. त्यामुळे तो त्यांच्या बाजूने खोटे लिहील हे संभवत नाही. पिलाताच्या नावाचा शिलालेखही १९६१ साली कैसरिया येथे सापडला.

इतिहासकार आणखी एक कसोटी लावतात. जी गोष्ट अनुयायांना अडचणीची होती, ती त्यांनी मुद्दाम रचली असण्याचा संभव कमी. येशूंनी योहानाकडून बाप्तिस्मा घेतला, म्हणजे दुसऱ्या गुरूपुढे ते नमले, ही बाब नव्या पंथाला गैरसोयीची होती. मत्तयाच्या वृत्तान्तात योहान स्वतःच संकोच दाखवितो, यावरून ती अडचण दिसून येते. गुन्हेगाराप्रमाणे क्रूसावर मृत्यू पावलेला तारणहार, ही कल्पनाही त्या काळी लज्जास्पदच होती.

या साऱ्यावरून गालिलात येशू नावाचा एक यहुदी उपदेशक होऊन गेला, योहानाकडून त्याने बाप्तिस्मा घेतला आणि पिलाताच्या आज्ञेने त्यास क्रूसावर मारण्यात आले, एवढे बहुसंख्य इतिहासकार मान्य करतात. यात श्रद्धावान आहेत तसे नास्तिकही आहेत. एकोणिसाव्या शतकात ब्रूनो बावर, पुढे १९०९ मध्ये आर्थर ड्रेव्स आणि आपल्या काळात रिचर्ड कॅरिअर यांनी येशूंचे अस्तित्व नाकारले. त्यांच्या युक्तिवादाने अभ्यासकांना पुरावे पुन्हा तपासावे लागले. परंतु हे मत अल्पसंख्यच राहिले. स्वतः ख्रिस्ती श्रद्धा सोडलेले बार्ट एरमन यांनीही २०१२ साली त्याचे सविस्तर खंडन केले.

हीच शंका बुद्धांविषयीही

हा विषय आपणास परका नाही. एकोणिसाव्या शतकात काही युरोपीय पंडितांनी शाक्यमुनींच्या अस्तित्वाबद्दलही शंका घेतली होती. होरेस हेमन विल्सन यांना बुद्ध ही ऐतिहासिक व्यक्ती असल्याचीच खात्री वाटत नव्हती. फ्रेंच पंडित एमील सेनार यांनी १८७५ साली बुद्धचरित्रातील आख्यायिकांचा अर्थ सूर्यकथा म्हणून लावला, आणि डच पंडित केर्न त्याच वाटेने आणखी पुढे गेले. पालि साहित्याच्या अभ्यासाने ही मते मागे पडली. १८९६ च्या डिसेंबरात लुंबिनी येथे सम्राट अशोकाच्या स्तंभावरील लेख उघडकीस आला. आपल्या अभिषेकाच्या विसाव्या वर्षी आपण येथे आलो, शाक्यमुनी बुद्धांचा जन्म येथे झाला आणि म्हणून या गावाचा कर कमी केला, असे त्यात सम्राटाने नोंदविले आहे.

हा स्तंभलेख आपल्या अभिमानाचा विषय आहे. तथापि, तो तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर दीड ते अडीच शतकांनी कोरला गेला, हेही ध्यानात ठेवावे. पौलाची पत्रे येशूंच्या मृत्यूनंतर पंचवीस-तीस वर्षांच्या आतली आहेत. समकालीन शिलालेख नाही म्हणून येशू झालेच नाहीत, असे जो म्हणेल, त्याला तोच मापदंड बुद्धांनाही लावावा लागेल. एका शास्त्याला एक माप आणि दुसऱ्याला दुसरे, ही सम्यक् दृष्टी नव्हे.

आपल्याला आवडणारी कथाही याच मापाने तपासली पाहिजे. येशू तरुणपणी भारतात आले आणि बौद्ध भिक्खूंकडे शिकले, ही कथा आपल्या समाजात मोठ्या आवडीने सांगितली जाते. तिचा उगम निकोलस नोटोविच या रशियन लेखकाच्या १८९४ च्या पुस्तकात आहे. लडाखमधील हेमिस मठात आपण तसे हस्तलिखित पाहिले, असा त्याचा दावा होता. मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी या दाव्यावर आक्षेप घेतला. आग्र्याच्या महाविद्यालयातील प्राध्यापक आर्चिबाल्ड डग्लस १८९५ साली प्रत्यक्ष हेमिस येथे गेले, तेव्हा असा कोणताही ग्रंथ मठात नसल्याचे तेथील प्रमुख लामांनी सांगितले. ही कथा बौद्ध धम्माचा गौरव करीत असली, तरी ती पुराव्यावर टिकत नाही. म्हणून ती सोडून दिली पाहिजे.

धर्माच्या सत्याचा प्रश्न

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. येशू होऊन गेले, एवढे मान्य केल्याने ते ईश्वराचे पुत्र होते किंवा मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी उठले, हे सिद्ध होत नाही. त्यांच्या शिष्यांची तशी दृढ श्रद्धा होती, एवढे इतिहास सांगू शकतो. त्या श्रद्धेचा विषय प्रत्यक्ष घडला की नाही, हे ठरविण्याचे साधन त्याच्याजवळ नाही. ख्रिस्ती धर्मात या घटनेला मध्यवर्ती स्थान आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपली श्रद्धा व्यर्थ आहे, या आशयाचे पौलाने स्वतःच लिहिले आहे.

बौद्धांनी या धर्माशी केलेला सर्वांत गाजलेला वाद श्रीलंकेतील पानदुरा येथे २६ आणि २८ ऑगस्ट १८७३ रोजी झाला. हजारो श्रोत्यांसमोर रेव्हरंड डेव्हिड डी सिल्वा यांनी अनात्मवादावर आघात केला, तर मिगेट्टुवत्ते गुणानंद थेरो यांनी बायबलमधील ईश्वराच्या कल्पनेची चिकित्सा केली. या वादाचा इंग्रजी वृत्तान्त वाचून कर्नल ऑल्कॉट प्रभावित झाले. १८८० साली ते लंकेत आले आणि त्यांनी पंचशील ग्रहण केले. तेथील बौद्ध शाळांची चळवळही त्यांच्या प्रयत्नांनी वाढली. आपल्यासारख्या संस्थांच्या परंपरेत या वादाला म्हणूनच महत्त्व आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकातील लेखात बुद्ध आणि येशू यांची तुलना केली. येशू झालेच नाहीत, असा मुद्दा तेथे त्यांनी केला नाही. येशूंनी स्वतःस ईश्वराचा पुत्र म्हणविले, तर बुद्धांनी स्वतःकडे मोक्षदात्याचे नव्हे, केवळ मार्गदात्याचे स्थान घेतले, हा भेद त्यांनी दाखविला. शास्त्याच्या अधिकारावर जो धर्म उभा असतो, त्याला त्या अधिकाराचे प्रमाण द्यावे लागते. धम्म मात्र प्रत्येकाने आपल्या अनुभवाने पारखावयाचा असतो.

ही पारख बाबासाहेबांनी आपल्या परंपरेलाही लावली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी विचारले की, वृद्ध, रोगी आणि मृत मनुष्य रोजच्या जीवनात सर्वत्र दिसत असताना सिद्धार्थाने ते एकोणतिसाव्या वर्षी प्रथमच पाहिले, हे बुद्धीला कसे पटावे? गृहत्यागाचे ते पारंपरिक कारण त्यांनी नाकारले आणि तरीही धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्यांच्या ग्रंथांची चिकित्सा करण्याचा अधिकार त्यांनी असा मिळविला होता.

उपसंहार

कालाम सुत्तात तथागतांनी केसपुत्तच्या लोकांना परंपरा, ग्रंथ किंवा गुरूविषयीचा आदर एवढ्यावरून काहीही न स्वीकारण्यास सांगितले. केवळ परधर्मीयांचे आहे म्हणून एखादी गोष्ट नाकारण्याची मुभा त्या उपदेशात नाही. येशूंविषयी कोणी वाद घातला, तर आपण प्रथम विचारावे की, प्रश्न इतिहासाचा आहे की श्रद्धेचा. इतिहासाचा असेल, तर येशूंचे अस्तित्व मोकळेपणाने मान्य करावे. श्रद्धेचा असेल, तर पुनरुत्थान व ईश्वरपुत्रत्व आपणास का पटत नाही, हे सौजन्याने सांगावे आणि त्याच श्रद्धेतून रुग्णसेवा व शिक्षण यांसाठी आयुष्य वेचणाऱ्यांचा आदरही करावा. इतके आपल्या मुलामुलींना साधले, तर त्यांचा मतभेद कोणाशीही होवो, त्यांच्या शब्दावर समोरचा मनुष्य विश्वास ठेवील.