मेणाचा ब्लॉक सांभाळा

आमच्या तात्यांना संडासला काळं, डांबरासारखं चिकट होत होतं. रक्तवाढीच्या गोळ्यांनी काळं होतंच, म्हणून श्रीरामपुरात सगळे निवांत. गोळ्यांनी काळं होतं हे खरं. पण चिकट आणि उग्र वासाचं असेल, तर आत रक्त झिरपतंय असंच धरून चालावं.

दुर्बिणीतून जठरात फुगवटा दिसला. तुकडा काढला, रिपोर्ट आला : कॅन्सर नाही. पेढे वाटायचेच बाकी होते. पण ही गाठ अस्तराखाली, स्नायूच्या थरात वाढते. चिमट्याला बहुधा वरचं धडधाकट अस्तरच लागतं. सीटी पाहून सर्जन ऑपरेशनवर अडून बसले, हे आमचं नशीब.

गाठ निघाली आणि कागद आला : ‘स्पिंडल सेल ट्यूमर, आयएचसी करावी’. आयएचसी म्हणजे पेशींतली प्रथिनं रंगवून ओळखायची तपासणी. इथे बरीच घरं थांबतात. गाठ गेली, आता आणखी खर्च कशाला? पण अशा लांबट पेशी साध्या गाठींतही दिसतात. आयएचसीत सीडी११७ आणि डॉग१ या दोन तपासण्या पॉझिटिव्ह आल्या तेव्हा नाव ठरलं : जिस्ट, जठर-आतड्याच्या भिंतीतला एक कॅन्सर.

याला नेहमीची केमो जवळपास लागू पडत नाही. 1998 मध्ये जपानच्या हिरोता यांनी यातला किट जनुकाचा बिघाड दाखवला. पुढे इमॅटिनिबची गोळी त्यावर चालली. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकचं, म्हणजे इमॅटिनिबच्या मूळ ब्रँडचं, पेटंट नाकारलं, म्हणून देशी कंपन्यांची गोळी आम्हा ऊसवाल्यांना झेपते. मात्र पीडीजीएफआरए जनुकात डी८४२व्ही हा बदल असेल तर तीही चालत नाही. म्हणून जनुकांची तपासणी करायची, आणि तिला लागतो ब्लॉक.

ब्लॉक म्हणजे प्लॅस्टिकच्या जाळीवर मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, कडेला पेन्सिलीने नंबर. लॅबकडे लेखी अर्ज करून तो आणि स्लाइड दोन्ही मागा. लोणीला किंवा विळद घाटातल्या मेडिकल कॉलेजात दुसरं मत घ्या, नाहीतर मुंबईत परळला टाटा हॉस्पिटलात जा. हात हलवत गेलात तर हेलपाटा. आणि मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेणच ते.

रिपोर्टात गाठ किती सेंटिमीटरची, 5 चौरस मिलिमीटरमध्ये किती पेशी विभागताना दिसल्या आणि गाठ फुटली होती का, हे लिहिलेलं नसेल तर विचारा. गोळी तीन वर्षं घ्यायची की मुळीच नाही, ते त्यावरच ठरतं. तात्या जेवणाबरोबर पेलाभर पाण्याने घेतात. सकाळी डोळे सुजतात. ते गोळीमुळे, जागरणाने नव्हे, हे आईला अजून पटलेलं नाही.